मशीनरूममधली पणती

वैद्यकाकू पडल्या तेव्हा लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबलेली होती. दार उघडलेलं होतं. काकूंनी एक पाय बाहेर टाकला आणि तेवढ्यात लिफ्ट वर सरकली. फार नाही, वीतभर. पण शहात्तर वर्षांच्या बाईला वीतभर पुष्कळ झालं. त्या पॅसेजमध्ये पडल्या, उजवा हात अंगाखाली आला आणि मनगटाचं हाड मोडलं.

शनिवारी सकाळी साडेआठला मला सोसायटीच्या चेअरमनचा, ओसवालांचा फोन आला.

"पेंडसेसाहेब, तुमच्या लिफ्टनं आता माणसं बाहेर टाकायला सुरुवात केलीय. या जरा."

मी लिफ्टच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा सर्व्हिस सुपरवायझर म्हणून. बिबवेवाडी आणि आसपासच्या सगळ्या लिफ्ट माझ्याकडे. रिटायर व्हायला चार महिने उरले होते. एवढ्या वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, घाबरली होती, एका बाईंनी तर आत अडकल्या अडकल्या पावशेर मटार सोलले होते. हाड मात्र कुणाचं मोडलं नव्हतं.

लोकांना वाटतं, लिफ्ट बिघडली की धाडकन खाली कोसळते. तसं नसतं. लिफ्ट ज्या दोरांना टांगलेली असते, त्यांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात. त्यांना काउंटरवेट म्हणतात. रिकाम्या लिफ्टपेक्षा ती वजनं जड असतात. त्यामुळे आत एखादंच माणूस असेल आणि ब्रेकनं दगा दिला, तर लिफ्ट वर जाते. काकूंच्या लिफ्टचं नेमकं हेच झालं होतं. म्हणजे ब्रेक. ओसवालांनी फोनवर काय झालं ते सांगितलं होतं, त्यामुळे हे मला स्कूटरला किक मारतानाच कळलं होतं.

मी पोचलो तेव्हा गायकवाड आधीच आलेला होता. मिलिंद गायकवाड, त्या भागाचा आमचा टेक्निशियन. वय त्रेचाळीस, कंपनीत चौदा वर्षं. त्यानं वर जाऊन मेन स्विच ऑफ केला होता, मजल्यामजल्यावर 'लिफ्ट बंद' असे बोर्ड टांगले होते आणि शेजारच्या बाईंबरोबर काकूंना रिक्षानं हॉस्पिटलला धाडलंही होतं.

"वर काय दिसलं?" मी विचारलं.

"स्विच ऑफ करून खाली आलो, सर. कशाला हात लावलेला नाही. तुम्हीच बघा."

खाली लोक जमले होते, त्यांना तोंड द्यायला तो थांबला. मी जिना चढून एकटाच गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो. तिथं मोटर असते, गिअरबॉक्स असतो आणि दोघांच्या मध्ये ब्रेक. ब्रेक म्हणजे एक गोल ड्रम आणि त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे दोन शू. शूला आतून लायनिंग लावलेलं असतं, स्कूटरच्या ब्रेकला असतं तसंच. त्याला तेल लागलं की ते धरत नाही.

लायनिंगला तेल लागलेलं होतं. ब्रेकच्या झाकणावरून एक काळा ओघळ खाली ड्रमपर्यंत गेला होता. मी बोट लावलं आणि नाकाशी नेलं. गिअरबॉक्सचं तेल दाट असतं आणि त्याला एक उग्र वास असतो, एकदा हाताला लागला की जेवतानाही येतो. हा वास तो नव्हता. हा वास मी रोज संध्याकाळी माझ्या घरात घेत होतो. ते तिळाचं तेल होतं.

मग वाकून मशीनच्या मागे पाहिलं. फ्रेम आणि भिंत यांच्या फटीत एक मातीची पणती उपडी पडलेली होती. काठाचा टवका उडालेला, वात अर्धी जळलेली.

पणती माझी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. कंपनीचा तसा काही नियम नाही, पण सुपरवायझर झाल्यापासून मी माझ्या प्रत्येक मशीनरूममध्ये जाऊन हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ आणि दिवा एवढं करत आलो. हौस म्हणून नाही. ज्या यंत्राच्या भरवशावर रोज पन्नास माणसं वरखाली करतात, त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत असं मला मनापासून वाटतं. गायकवाड बौद्ध आहे. तो पूजेच्या वेळी बाहेर गच्चीवर थांबायचा, नंतर पेढा घ्यायचा. त्यानं कधी वाद घातला नाही, मीही कधी आग्रह केला नाही. याला आम्ही दोघंही समजूतदारपणा म्हणायचो.

या वर्षी तो दुसऱ्या साइटवर होता. मी एकटाच होतो. पणती नेहमी मी खाली जमिनीवर ठेवतो, पण त्या दिवशी खिडकीतून वारा येत होता आणि दिवा सारखा विझत होता. म्हणून मोटरच्या आडोशाला, ब्रेकच्या झाकणावर ठेवला. तिथं तो छान तेवला. मी हात जोडले, आणि तेवढ्यात दुसऱ्या सोसायटीतून फोन आला की लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. देवापुढचा दिवा फुंकून विझवायचा नाही, ही मला लहानपणापासूनची शिकवण. तेल संपलं की तो आपला आपण शांत होतो. पूजेसाठी बंद केलेला स्विच मी ऑन केला, कुलूप लावलं आणि निघालो.

लिफ्ट सुरू झाली की ब्रेक दर फेरीला खटकन उघडतो आणि मिटतो. झाकणाला हादरा बसतो. पणती किती वेळ तग धरून राहिली कोण जाणे. तेल सांडलं, हळूहळू झिरपलं, लायनिंगनं प्यायलं. नंतर कळलं की दोन दिवस लिफ्ट बोटभर वरखाली थांबत होती, पण सणाच्या गडबडीत कुणी कळवलं नाही. बारा वर्षं मी टेक्निशियन लोकांना बजावत आलो होतो की मशीनरूममध्ये काडी ओढायची नाही. देवासाठी ओढलेली काडी मी त्यात धरत नव्हतो.

मी पणती रुमालात गुंडाळली आणि बॅगेत टाकली. का टाकली, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मला भीती वाटली. चार महिन्यांनी हारतुरे घेऊन घरी जायचं ठरलेलं होतं आणि मला ते हवं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. "ब्रेक लायनिंगवर तेल आढळले. लायनिंग बदलले. ब्रेक टेस्ट घेतली. लिफ्ट सुरक्षित." यात एकही शब्द खोटा नव्हता. इतका काळजीपूर्वक रिपोर्ट मी आयुष्यात लिहिला नव्हता.

आता थोडं घराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. इमारतीला लिफ्ट नाही, हे ऐकून लोक हसतात. मूलबाळ नाही. सुनंदा, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. ती असताना संध्याकाळी दिवा ती लावायची आणि मी मागे खुर्चीत बसून दिवसभराचा अहवाल द्यायचो. कुठली लिफ्ट बंद पडली, कोण काय म्हणालं, मी काय बोललो. ती ऐकायची आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपतीही ओघानंच ऐकायचा. ती गेल्यावर दिवा लावणं माझ्याकडे आलं आणि ऐकणं एकट्या गणपतीकडे.

मी फारशी स्तोत्रं म्हणत नाही. उपास मला झेपत नाहीत. माझी भक्ती म्हणजे एवढाच अहवाल. दिवा लावायचा, खुर्चीत बसायचं आणि मोठ्यानं सांगायचं. बाहेरच्यानं ऐकलं तर म्हातारा बिघडला म्हणेल. पण याचा मला फार उपयोग झाला. एकदा सांगता सांगताच लक्षात आलं की गव्हर्नरच्या दोराचा एक बोल्ट हातानं लावून तसाच सोडलाय. गव्हर्नर म्हणजे लिफ्टचा वेग वाढला तर तिला जागीच पकडायला लावणारं चाक. तसाच उठलो, कोंढव्याला जाऊन पाना मारला आणि मग जेवलो. कुणावर उगाच ओरडलो असेन तर तेही तिथंच कळायचं, कारण सांगताना माझाच आवाज पडायचा. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला मी आपणहून चहाला घेऊन जायचो. देवळात जाऊन मला जे मिळालं नाही, ते या खुर्चीत मिळालं. दिवसाला एक शेवट मिळाला. बायको गेल्यावर दिवस नुसते एकमेकांत घुसत राहतात, हे ज्याचं गेलंय त्याला सांगायला नको.

त्या शनिवारी मी दिवा लावायला उठलो. तेलाची बाटली हातात घेतली. बूच उघडलं आणि तो वास आला. बाटली परत ठेवून दिली.

रविवारी लावला नाही. सोमवारीही नाही. संध्याकाळी घरी यायचं, देव्हाऱ्याकडे पाठ करून टीव्ही लावायचा, बातम्या बघायच्या. कुणी मला बोलत नव्हतं, ओरडत नव्हतं, कुणाला काही माहीतही नव्हतं. तरी त्या तीन दिवसांत मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं सुनंदाच्या तेराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सांगायला जागा होती.

सोमवारी ब्रँच मॅनेजर शिंदेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शिंदे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत क्लोज व्हायला हवी असते.

"तुमचा रिपोर्ट वाचला. लायनिंगवर तेल. आणि हे बघा." त्यांनी सर्व्हिस रजिस्टर पुढे सरकवलं. पूजेच्या पाच दिवस आधीची नोंद, गायकवाडच्या अक्षरात. 'ब्रेक तपासला, ओके. गिअर ऑइल टॉप-अप केले.' टॉप-अप म्हणजे कमी झालेलं तेल भरणं.

"ओव्हरफिल केलं, सांडलं, पुसलं नाही," शिंदे म्हणाले. "ओपन अँड शट केस आहे. बुधवारी अकराला हिअरिंग. ओसवाल पण येणार आहेत. ते पोलिसात जायच्या गोष्टी करतायत, त्यांना काहीतरी ॲक्शन दाखवायला लागेल."

"ॲक्शन म्हणजे?"

"टर्मिनेशन. लेटर रेडी आहे."

"चौदा वर्षं झाली त्याला."

"म्हणून तर वाईट वाटतं," शिंदे म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले.

तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललो नाही. बाहेर आलो तर गायकवाड पॅन्ट्रीत एकटाच चहा घेत होता. एरवी त्याच्या टेबलाशी चार जण असतात. त्या दिवशी बाकीचे सगळे खिडकीपाशी उभे होते. ज्याची नोकरी जाणार असते त्याच्याजवळ कुणी बसत नाही, लागण झाल्यासारखे लांब राहतात. मीही बसलो नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "काय म्हणतोस?"

"तेल लेव्हललाच भरलं होतं, सर. सांडलं नव्हतं."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगितलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कप धुऊन जागेवर ठेवला आणि निघून गेला.

त्याची मुलगी बारावीला होती. आमच्या धंद्यात माणसं थोडी, सगळ्या कंपन्यांची सर्व्हिसची माणसं एकमेकांना ओळखतात. अपघातात काढलेल्या टेक्निशियनला दुसरीकडे लिफ्टचं काम मिळत नाही. हे शिंदेंना माहीत नसेल, मला नक्की माहीत होतं.

मंगळवारी संध्याकाळी शिंदेंनी मला वैद्यकाकूंकडे पाठवलं. कंपनीतर्फे विचारपूस करायची, फळं द्यायची आणि जमलंच तर त्या तक्रारीवर ठाम आहेत का याचा अंदाज घ्यायचा. मी पाचवा मजला जिन्यानं चढलो. लिफ्ट ठीक होती, मीच ठीक नव्हतो.

दार उघडायला काकूंना बराच वेळ लागला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. घरात दुसरं कुणी दिसलं नाही.

"मुलगी नागपूरला असते. शनिवारी येईल," त्या म्हणाल्या. "सकाळी स्वयंपाकाला बाई येते. बाकी डाव्या हातानं जे होईल ते. केस विंचरता येत नाहीत हो, त्याचं फार वाईट वाटतं. आणि पडले ना, तेव्हा मी ओरडलेसुद्धा नाही. गंमत आहे. ओरडायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारायची. नाव काय घेणार?"

मी सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवली.

"त्या तुमच्या माणसाला काढताय म्हणे," काकू म्हणाल्या. "ओसवाल सांगत होते. ज्यानं मला उचललं तोच का?"

"तोच."

"त्यानं माझी चप्पल शोधून पायात घातली. मी काही त्याला काढा म्हटलेलं नाही, हे लिहून घ्या."

मी मान हलवली. बाहेर दिवेलागण झाली होती. काकू उठल्या, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि परत माझ्याकडे वळल्या.

"एक काम कराल का? तीन दिवस देवापुढे दिवा नाही. डाव्या हातानं काडी ओढता येत नाही मला, आणि सकाळच्या बाईला संध्याकाळचा दिवा कसा लावायला सांगणार? तुम्ही आलाच आहात तर लावा."

नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. मी निरांजनात वात ठेवली. तेल घातलं. तिळाचंच होतं. काडी ओढली. दोन काड्या फुकट गेल्या, तिसरीनं वात पेटली. काकूंनी डाव्या हातानं जमेल तसा नमस्कार केला. मी मात्र तसाच उभा राहिलो. चार दिवस टाळलेली जागा आपसूक समोर आली होती. घर माझं नव्हतं, देवही माझा नव्हता, एवढाच काय तो फरक.

"काकू," मी म्हणालो, "ते तेल गायकवाडचं नव्हतं. माझ्या पणतीचं होतं."

मग सगळं सांगितलं. वारा, आडोसा, फोन, फटीतली पणती, रुमाल. रोज खुर्चीत बसून सांगायचो तसंच, मोठ्यानं आणि क्रमानं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. मी थांबल्यावर काकू निरांजनाकडे बघत म्हणाल्या,

"मला कशाला सांगताय? माझं हाड काय आता परत मोडणार आहे? ज्याची नोकरी चाललीय त्याच्या साहेबांना सांगा."

"सांगतो."

"आणि जाताना दार ओढून घ्या. लॅच लागत नाही माझ्यानं."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी दिवा लावला. अहवाल मोठा होता. सुनंदा असती तर मध्येच म्हणाली असती, आधी जेवून घ्या. गणपती काही म्हणाला नाही, पण मला भूक लागली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

बुधवारी अकराला सगळे जमले. टेबलाच्या एका बाजूला शिंदे आणि एचआरच्या बाई, दुसऱ्या बाजूला ओसवाल. गायकवाड टोकाच्या खुर्चीत. शिंदेंनी बोलायला सुरुवात करायच्या आत मी बॅगेतून रुमाल काढला, पणती टेबलावर ठेवली आणि माझं म्हणणं सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील.

शिंदे पणतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेंडसेसाहेब, हे रिपोर्टमध्ये का नाही?"

"मी लिहिलं नाही म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शनिवारी सकाळपासून."

त्यांनी एचआरच्या बाईंना बाहेर जायला सांगितलं. गायकवाडलाही. ओसवाल राहिले. शिंदे हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, तुमचे चार महिने राहिलेत. सुपरवायझरकडून अशी चूक झाली असं रेकॉर्डवर गेलं तर पूर्ण ब्रँच गोत्यात येते. गायकवाडला आपण लेटर देऊ, नंतर कुठंतरी ॲडजस्ट करू."

"कुठं करणार?"

"बघू ना."

"लिफ्टच्या धंद्यात त्याला कुणी दारात उभं करणार नाही. हे तुम्ही बघू शकत नाही, मी बघितलेलं आहे."

आता ओसवाल बोलले. माणूस स्वतः धार्मिक, रोज पहाटे देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाणारा. "माझी वेगळी अडचण आहे. पूजेमुळे ॲक्सिडेंट झाला असं कागदावर आलं, तर सोसायटीत उगाच वाद होतील. लोकांच्या भावना असतात. पूजेचं नाव नका घेऊ."

"पूजेमुळे नाही झाला," मी म्हणालो. "माझ्यामुळे झाला. दिवा कुठं ठेवायचा हे देवानं नव्हतं सांगितलं. तसंच लिहा. पूजा चुकली नाही, पेंडसे चुकला. मी सही करतो."

ओसवालांनी पणती बोटानं जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सही करणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. फक्त वैद्यकाकूंच्या औषधपाण्याचं कंपनीनं बघावं." शिंदे म्हणाले, बघू. या वेळी त्यांनी खरंच बघितलं.

गायकवाडचं लेटर फाडलं गेलं. मला मेमो मिळाला आणि साइटवर जायला मनाई झाली. उरलेले चार महिने मी ऑफिसच्या मागच्या स्टोअरमध्ये काढले, नटबोल्टांच्या आणि रोलरच्या खोक्यांत. हारतुरे झाले नाहीत. आठवड्याभरात एक सर्क्युलर निघालं, 'मशीनरूममध्ये दिवा, उदबत्ती, कापूर यास सक्त मनाई.' त्यावरून बाकीचे टेक्निशियन माझ्यावर नाराज झाले. त्यांचं म्हणणं, पेंडसेनं स्वतःचा मोठेपणा मिरवला आणि सगळ्यांची पूजा बंद पाडली. डब्याच्या वेळी मी स्टोअरमध्ये एकटाच जेवायचो. हे मला लागलं. लागलं नाही असं म्हणणार नाही. खरं सांगितल्यावर लोक जवळ येतात अशी माझी एक भाबडी समजूत होती, ती त्या चार महिन्यांत गेली. संध्याकाळचा दिवा मात्र पुन्हा एकदाही चुकला नाही. त्या काळात ते एक होतं म्हणून मी ऑफिसला जात राहिलो.

माझ्या शेवटच्या आठवड्यात गायकवाड लायनिंगचा सेट न्यायला स्टोअरमध्ये आला. त्याची बदली मांजरीला, नव्या टॉवर्सवर झाली होती. हिअरिंगनंतर आम्ही धड बोललो नव्हतो. मी सेट काढून दिला, त्यानं सही केली आणि गेला नाही. खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

फोटो होता. मशीनची फ्रेम, भिंत आणि फटीत उपडी पडलेली पणती.

"त्या दिवशी स्विच ऑफ करायला गेलो ना, तेव्हाच काढला," तो म्हणाला. "तुमच्या आधी."

मी विचारलं, "मग दाखवला का नाहीस? नोकरी जात होती तुझी."

"कुणाला दाखवू, सर? मी फोटो दाखवला असता तर गोष्ट तेलाची राहिली नसती. गायकवाडनं पूजेवर खापर फोडलं, अशी झाली असती. नोकरी गेलीच असती, वर हे." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही खाली आलात आणि मी परत वर गेलो. पणती नव्हती. म्हटलं, साहेबांना माहीत आहे. आता बघू."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"मी रोज सकाळी पंचशील म्हणतो, सर. खोटं बोलणार नाही असं त्यात म्हणतो. खोटं मी बोललो नाही. पण गप्प बसलो की. चार दिवस ते म्हणायला जीभ जड जात होती." त्यानं मोबाईलची स्क्रीन बंद केली. "बुधवारी तुमच्यानंतर मीही सांगणार होतो. असं आता वाटतं. तेव्हा सांगितलं असतं का, ते नाही सांगता येत."

मी माफी मागितली. हात जोडून मागितली. त्यानं ती ऐकून घेतली आणि 'असू दे' वगैरे काही म्हणाला नाही. मला वाटलं होतं म्हणेल. माझ्या समजूतदारपणासाठी तो बारा वर्षं गच्चीवर उन्हात उभा राहिला होता, आणि ऐन गरजेच्या वेळी स्वतःकडचा पुरावासुद्धा त्याला वापरता आला नव्हता. ते एका नमस्कारात कसं मिटणार? त्यानं लायनिंगचा सेट काखेत धरला, मोबाईल खिशात ठेवला आणि "येतो, सर," म्हणून गेला.

लिफ्टवाल्यांसाठी यातला धडा सोपा आहे, ब्रेकजवळ दिवा ठेवू नका. माझ्यासाठीचा धडा असा, की देवासमोर दिवसाचा अहवाल देणाऱ्या माणसानं रिपोर्टसुद्धा पूर्ण लिहावा. गायकवाडनं तो फोटो डिलीट केला का, हे मी विचारलं नाही. त्याच्या जागी मी असतो, तर केला नसता.